मेलेलं नाही जी, पाणी मोजून राह्यलं! फेब्रुवारीत नागपूरची झाडं काय करतात?

दरवर्षी जानेवारी सरत आला की व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरू लागतो. एकही पान नसलेलं झाड, त्यावर केशरी फुलांचे झुबके आणि खाली ओळ: "यंदा पळस लवकर फुलला!" दोन दिवसांत त्याची बातमी होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिला हवामानबदलाचं शेपूट लावतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या काकू मला हमखास गाठतात. "गेटसमोरचं झाड वाळून राह्यलं का जी? कापाले सांगू का कोणाले?"

म्हणजे एकाच शहरात काहींना झाडं फुललेली दिसतात, काहींना मेलेली. खरं तर दोन्हीचं कारण एकच आहे, आणि त्यात थंडीचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

हे समजावून सांगायचं म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला काकूंना आणि आणखी चार-पाच जणांना सेमिनरी हिल्सवर फिरायला नेलं. त्यात काटोलकडे संत्र्याची बाग असलेले एक काकाही होते. निघताना सगळ्यांच्या अंगात स्वेटर, नऊ वाजता परतताना ते कमरेला बांधलेले. नागपूरचा फेब्रुवारी असाच: पहाटे चौदा-पंधरा अंश, दुपारी तीस-बत्तीस.

पुस्तकातला वसंत आणि आपला

वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्र येतं ते शाळेच्या इंग्रजी पुस्तकातलं. बर्फ वितळतो, ऊब येते, झाडं जागी होतात. ते चित्र युरोपासाठी बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, मुळांना पाणी ओढता येत नाही, उजेडही तुटपुंजा. म्हणून झाडं थंडीआधी पानं टाकतात आणि ऊब आली की नवी काढतात.

नागपुरात जमीन गोठत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा साडेतीन अंशांवर आला तेव्हा त्याची देशभर बातमी झाली, पण बर्फ काही पडला नाही. ऊन तर बाराही महिने भरपूर. कमी पडतं ते पाणी. वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरपासून जमिनीच्या खात्यातून नुसती उचल सुरू होते, भरणा नाही. फेब्रुवारीत झाड पाहतं तेव्हा खातं अर्धं रिकामं आणि खरा उन्हाळा अजून पुढे उभा.

आपल्या जंगलांना वनशास्त्रात 'शुष्क पानगळी वन' म्हणतात, म्हणजे कोरड्या महिन्यांत पानं टाकणारं जंगल. पेंच, उमरेड, ताडोबा सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे आणि सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाडा हे त्याचेच शहरात उरलेले तुकडे. आपल्या जुन्या ऋतुगणनेला हे पक्कं माहीत होतं. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, पानगळीचा ऋतू. वसंत त्यानंतर, चैत्र-वैशाखात. (मग वसंतपंचमी माघात, ऐन शिशिरात कशी, हे कोडं मला लहानपणापासून आहे. आंब्याला मोहर दिसतो म्हणून आगाऊ बुकिंग, असं मी स्वतःपुरतं उत्तर काढलंय.)

पान म्हणजे कूलर

झाडाला पान कशासाठी? अन्न बनवण्यासाठी, हे आपण शिकलेलो असतो. पण त्याची किंमत काय, हे सहसा कोणी सांगत नाही. पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पानावरची बारीक छिद्रं उघडावी लागतात. यांना पर्णरंध्रं म्हणतात. छिद्र उघडलं की हवा आत येते आणि आतली वाफ बाहेर जाते. एकच दार, दोन्हीकडची ये-जा.

किती पाणी जातं ते बाहेरच्या हवेवर ठरतं. ऑगस्टमध्ये दोरीवर टाकलेली चादर दोन दिवस ओलीच राहते. मार्चच्या दुपारी तीच तासाभरात कडक होते. दोरी तीच, चादर तीच. हवा कोरडी झाली की ती पाणी ओढते. झाडावरचं प्रत्येक पान म्हणजे अशी ओली चादरच.

नागपूरकराला याहून जवळचा दाखला कूलरचा. कूलर थंडावा देतो तो पाणी उडवून. मे महिन्यात दिवसातून दोनदा टाकी भरावी लागते, आणि नळाला पाणी नसलं तर मोटर बंद करण्यावाचून इलाज नसतो. कोरडा कूलर चालवला तर गरम वाऱ्याचा झोत तेवढा अंगावर येतो. झाडावर असे हजारो कूलर लावलेले असतात. पाणी आटत आलं की झाड एकेक बंद करतं. आणि नुसतं बंद करून भागत नाही, कारण छिद्रं मिटलेलं पान भर उन्हात तापतं आणि तरीही थोडंथोडं झिरपत राहतं. त्यामुळे झाड कूलरच काढून टाकतं.

पान पडत नाही, पाडलं जातं

इथे काकू थांबल्या. "पण वाळतं म्हणूनच पडते ना?"

नाही, आणि हा फरक कळला की अर्धा विषय कळला. वादळात मोडलेली फांदी आठवून पाहा. तिची पानं वाळून तपकिरी होतात, पण महिनाभर तशीच लटकून राहतात. खराट्याने ओढली तरी सहज निघत नाहीत. कारण ती फांदी अचानक मेली, पानं सोडायचं काम करायला ती जिवंत राहिलीच नाही. पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे.

ते काम असं चालतं. पानाच्या देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान कामात असेपर्यंत ते एक संप्रेरक, म्हणजे निरोप नेणारं रसायन, सतत देठाकडे पाठवत असतं. जणू 'मी आहे, मी आहे' असा निरोप. पाणी तुटू लागलं, पान म्हातारं झालं की हा निरोप विरळ होतो. मग इथिलीन नावाच्या वायूचा जोर चढतो. हा वायू आपल्या घरातलाच आहे: अढीत घातलेले आंबे एकमेकांना पिकवतात ते याच्याच जोरावर. इथे तो देठाच्या थरातल्या पेशींना जोडणारा चिकटपणा विरघळवण्याचं काम सुरू करून देतो. झाडाच्या बाजूला बुचासारखी खपली धरते, आणि मग वाऱ्याची एखादी झुळूक पुरते.

त्याआधी झाड एक व्यवहारी काम उरकतं. खोली सोडताना आपण पंखे-बल्ब काढून घेतो, तसं ते पानातला नत्र आणि स्फुरद परत खोडात ओढून घेतं. जगभरच्या मोजमापांत हे प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास भरतं. हिरवा रंगही याच सुमारास मोडला जातो, म्हणून पान आधी पिवळं पडतं. कॅल्शियम मात्र हलवता येत नाही. ते पानाबरोबर खाली जातं आणि माती होऊन मुळांना परत मिळतं. म्हणजे झाडू मारून आपण ज्याची होळी करतो तो झाडाचा पुढच्या वर्षीचा खुराक असतो. आमच्या गल्लीत रोज सकाळी अशी एक होळी पेटते आणि त्या धुरात लोक योगासनं करतात, यावर मी आता बोलणं सोडलंय.

मेलं की जिवंत हे पाहायची सोपी युक्ती: बारीक फांदीवर नखाने हलकेच खरवडा. साल निघून खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. काकूंनी वाटेतल्या एका निष्पर्ण सागावर लगेच हा प्रयोग केला. हिरवं निघालं. "बाप्पा!" म्हणाल्या आणि पुढची पंधरा मिनिटं दिसेल ती फांदी खरवडत चालल्या. शेवटी हात धरून थांबवावं लागलं.

पाणीच नाही तर फुलं कुठून?

ही सगळ्यात रास्त शंका, आणि सगळ्यात सुंदर उत्तर हिचंच आहे.

पळसाचं एक फूल तोडून चुरगाळून पाहा, बोटं ओली होतात. सावरीचं फूल तर इतकं मांसल आणि जड की झाडाखाली उभं राहिलं तर धप्पकन पडल्याचा आवाज येतो. पाणी वाचवायला पानं टाकणारं झाड असला खर्च का करतं?

तुमच्या घरच्या गच्चीवरची टाकी घ्या. नळाला पाणी बारीक येतंय आणि घरात चार नळ उघडे आहेत. टाकी भरेल? कधीच नाही. सगळे नळ बंद करून झोपा. तीच बारीक धार रात्रभरात टाकी भरून टाकते. पानं म्हणजे उघडे नळ. ती गेली की खोल मुळांतून येणारी बारीक धार खोडात साठू लागते आणि सुकलेलं खोड पुन्हा पाण्याने भरतं. वर पाऊस पडलेला नसतो, एक थेंबही नाही, तरी झाडाची टाकी भरते. त्या भरलेल्या टाकीवर फूल उमलतं. रॉल्फ बोर्चर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाच्या कोरड्या जंगलात वर्षानुवर्षं झाडांच्या खोडातलं पाणी तपासलं आणि १९९४ साली हेच मांडलं: कोरड्या महिन्यांत कोणतं झाड केव्हा फुलेल, हे जमिनीत आणि खोडात किती पाणी साठलंय यावर ठरतं.

मी हे सांगत होतो तर संत्रावाले काका हसायला लागले. "इतकं काय सांगता जी, आम्ही हेच तर करतो. ताण!"

काकांचं अगदी बरोबर होतं. काटोल-नरखेड-वरुडच्या पट्ट्यात संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. त्याला 'ताण देणं' म्हणतात. झाडं मलूल होतात, पानं निस्तेज पडतात, काही गळतातही. वाढ थांबते, साठा फांद्यांत जमतो. हलक्या जमिनीत हा ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. मग खत-पाणी देऊन ताण तोडला की जानेवारी-फेब्रुवारीत बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि तो वास रस्त्यापर्यंत येतो. मृग बहारात हेच काम उन्हाळा करतो आणि ताण तोडतो पाऊस. संत्र्याची पानं पूर्ण झडत नाहीत एवढं सोडलं, तर शेतकरी बागेत हाताने करतो ते पळस स्वतःचं स्वतः करतो. सेमिनरी हिल्सची जमीन मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी. तिथे ताण आपोआप बसतो.

एक पुरावा आमच्या कॉलनीतलाच. पाण्याच्या गळक्या व्हॉल्व्हजवळ एक करंज आहे. रस्त्यावरचे बाकीचे करंज मार्चमध्ये काही दिवस अगदी बोडके होतात, हा पठ्ठ्या मात्र कित्येक दिवस मागे रेंगाळतो. त्याला ताणच बसत नाही.

तारीख कोण सांगतं?

पाणी कळलं. पण दरवर्षी साधारण त्याच आठवड्यांत कसं?

आपल्याकडे लग्नाची तारीख ठरते ती तीन गोष्टींनी. पंचांगात मुहूर्त हवा, हॉल मोकळा हवा आणि हातात पैसा हवा. झाडांचंही जवळजवळ असंच असतं.

पंचांग म्हणजे दिवसाची लांबी. नागपुरात सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा तासांपेक्षा थोडा मोठा आणि जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या जरा आत. फरक अडीच तासांचा. लंडनमध्ये हाच फरक साडेआठ तासांहून जास्त असतो. आपल्याकडे बदल बारीक, पण तो मोजायला झाडांजवळ प्रकाश ओळखणारं एक रंगद्रव्य असतं. फायटोक्रोम त्याचं नाव. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो २१-२२ डिसेंबरनंतरच वाढू लागतो. फक्त आपल्याला ते जाणवत नाही, कारण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याच्या सुमारास, आणि वाढ आधी संध्याकाळच्या बाजूला जमा होते. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल: संक्रांतीला काळोख डिसेंबरपेक्षाही दाट.

हॉल म्हणजे तापमान. आंब्याला मोहर यायला थंड रात्री लागतात. थंडी नीट पडली नाही तर त्याच फांद्यांवर मोहराऐवजी नवी पालवी येते, हे कुठलाही बागवाला सांगेल. आणि पैसा म्हणजे अर्थात पाणी, त्याबद्दल वर बोललोच.

प्रत्येक झाड या तिघांना वेगळं वजन देतं. म्हणून एकाच टेकडीवर सावर आधी फुलते, पळस मागून, पांगारा त्याच सुमारास, मोह मार्च-एप्रिलमध्ये, आणि बहावा उन्हाळा तापल्यावर. आणि म्हणूनच शेजारी-शेजारी उभ्या दोन पळसांपैकी एक केशरी असतो तर दुसऱ्यावर अजून काळ्या मखमली कळ्या. एकाच्या मुळांना खडकाच्या भेगेत ओल सापडलेली असते, दुसऱ्याला नाही. शिवाय जातकुळी म्हणूनही काही असतंच. सख्खे भाऊ तरी कुठे एका वेळी उठतात?

फुलं आधी, पानं मागून

वाटेत एका पळसावर जांभळ्या सूर्यपक्ष्यांची, म्हणजे शिंजिरांची, भांडणं चालली होती. आम्ही दहा मिनिटं नुसते बघत राहिलो. पळसाच्या फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. संस्कृतात पळसाला 'किंशुक' म्हणतात, त्याची फोड 'हा पोपट की काय?' अशी करतात. रस पिण्यासाठी पक्षी ती पाकळी दाबतो तेव्हा आतले परागकण त्याच्या डोक्या-गळ्याला लागतात. खारीही हे काम करतात. फुलाला वास नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक नाकाने नाही, डोळ्यांनी येतं. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना दिसतो. आणि पानांचा पडदा नसला तर ही पाटी दूरवरून वाचता येते. थंडीत आलेल्या भोरड्यांचे थवे परतीच्या वाटेवर याच झाडांवर उतरतात. भोरडीचं दुसरं नावच पळसमैना.

पण मला यातलं सगळ्यात मोठं कारण शेवटचं वाटतं: बियांचं वेळापत्रक. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलला तर त्याच्या चपट्या, कागदासारख्या हलक्या शेंगा मे-जूनपर्यंत वाळतात. वळवाच्या वाऱ्यात त्या उडतात आणि पडतात तिथे काही दिवसांत पाऊस येतो. उलटा हिशेब मांडून पाहा. उगवायचंय जूनमध्ये, तर फुलायला फेब्रुवारीच हवा.

"साग तर पावसात फुलतो." ही हरकत काकांची, आणि बरोबर आहे. सागाने दुसरा मार्ग धरलाय. पानं तोही टाकतो, पण फुलतो पावसाळ्यात, भरल्या पाण्यावर. त्याचं फळ हिवाळ्यात पिकतं आणि इतकं टणक असतं की खाली पडून पुढच्या पावसापर्यंत निवांत थांबू शकतं. घाईचं कामच नाही.

टेकडीवर फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडंही दिसतात. लोक त्यांचे फोटो 'नागपूरची चेरी' म्हणून टाकतात. ते गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारीही म्हणतात. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, म्हणजे बोर्चर्टच्या कोरड्या जंगलांच्याच मुलखातलं. समुद्रापलीकडून आलं तरी आपल्याकडे तो नेम चुकला नाही: पानं टाकायची, मग फुलायचं.

मग ऐन एप्रिलात कडुनिंब हिरवा कसा?

पाणी नाही म्हणून पानं टाकली, हे पटलं. पण पाऊस यायला अडीच-तीन महिने असताना पिंपळ, करंज, कडुनिंब नवी पालवी काढतात. पाडव्याला आपण कडुनिंबाचा कोवळा पाला खातो तो त्यामुळेच. हे हिशेबात कसं बसतं?

याचं पूर्ण उत्तर एका ओळीत देता येत नाही. एक भाग असा की या झाडांची मुळं खोल जातात आणि टाकी भरून झालेली असते. जुनं, झिजलेलं पान पाणी जास्त गळवतं. नवं पान छिद्रं नीट आवळू शकतं. दुसरा भाग असा की पहिला पाऊस पडेल त्या दिवशी ज्याची पानं पूर्ण वाढलेली असतील त्याला पूर्ण हंगाम मिळेल. आणि तिसरा भाग किड्यांचा. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानगळी जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाआधी पालवणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्ली होती. पावसात पालवणाऱ्यांना जास्त भोगावं लागलं. कोरड्या दिवसांत अळ्यांची फौज तयार झालेली नसते. ती येईपर्यंत पान निबर होतं.

पेंचच्या बाजूला मार्चअखेर गेलात तर कुसुमाची झाडं लालभडक दिसतील. ती फुलं नव्हेत, कोवळी पानं. लाल रंगद्रव्य कोवळ्या पानाला तिखट उन्हापासून वाचवायला मदत करतं असं मानलं जातं. नागपूरच्या मुली एप्रिलात तोंडाला दुपट्टा बांधून गाडी चालवतात, त्यातलाच प्रकार.

तर, पळस खरंच लवकर फुलला का?

आता त्या व्हॉट्सॲप फोटोकडे. 'लवकर' म्हणजे कशापेक्षा लवकर?

बहुतेक लोक मनात होळीशी तुलना करतात. होळीला पळस फुलतो, त्याचा रंग करतात, हे डोक्यात बसलेलं. पण होळी चांद्र पंचांगावर चालते आणि पळसाला अधिक मास कळत नाही. २०२३ मध्ये धुळवड ७ मार्चला होती, २०२४ मध्ये २५ मार्चला. झाडाने एकही दिवस इकडे-तिकडे केला नसता तरी दुसऱ्या वर्षी लोक म्हणाले असते, यंदा होळीच्या अडीच आठवडे आधीच सुरू झाला! 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण गोड आहे, पण मोजपट्टी म्हणून कुचकामी.

एका झाडावरून आणि एका वर्षावरूनही काही ठरत नाही. पाऊस ऑक्टोबरपर्यंत लांबला, जानेवारीत अवकाळी सर आली, गारपीट झाली, की त्या वर्षीचं वेळापत्रक हलतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा जागेवर येऊ शकतं.

याचा अर्थ काहीच बदलत नाही असाही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक असल्याचं हवामान विभागाने सांगितलं होतं. गंमत आणि धोका दोन्ही लग्नाच्या दाखल्यातच आहेत: पंचांग बदलत नाही. पृथ्वी कितीही तापली तरी नागपुरात २१ मार्चचा दिवस तेवढाच राहणार. हॉल आणि पैसा मात्र हलतात. म्हणजे दिवसाची लांबी पाहून चालणारी झाडं जागेवर राहतील, तापमान-पाणी पाहणारी सरकतील, आणि जे पक्षी-किडे त्यांच्यावर अवलंबून आहेत त्यांची चुकामूक होऊ शकते. मोहाचंच पाहा. त्याची फुलं पहाटे झडतात आणि विदर्भातली कितीतरी कुटुंबं ती वेचतात, विकतात. फूल दहा दिवस सरकलं किंवा ऐन बहरात गारपीट झाली तर तो थेट घरखर्चाचा प्रश्न होतो.

बदल सिद्ध करायला लागते ती वही. जपानमध्ये क्योटोच्या चेरी फुलोऱ्याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. त्यामुळेच २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा, असं छातीठोक सांगता आलं. इंग्लंडात रॉबर्ट मार्शम नावाच्या गृहस्थाने १७३६ पासून आपल्या गावातल्या वसंताच्या खुणा टिपल्या आणि त्याच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालवलं. या वेळापत्रकाच्या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात. नाव जड आहे, काम म्हणजे तारखा लिहिणं. भारतात सीझनवॉच या उपक्रमात शाळेतली मुलं आणि सामान्य माणसं आपापल्या झाडाची दर आठवड्याची नोंद करतात. पान कोवळं की जुनं, कळ्या आहेत का, फुलं, फळं. एवढंच.

आम्ही खाली उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि तांबट पक्ष्याचं टुक-टुक सुरू झालं होतं. परतताना काकूंनी गेटसमोरच्या त्या 'मेलेल्या' झाडाची फांदी खरवडली. हिरवं. मग घरात जाऊन त्यांनी दुधाच्या हिशेबाची डायरी आणली, मागचं पान उघडलं आणि तारीख टाकली. खाली लिहिलं: पानं सात, कळ्या नाहीत. जरा थांबून सात खोडलं आणि सहा केलं, कारण लिहिता लिहिता एक पडलं होतं.